राखेची वीट आणि कुडाचे घर
(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. त्यातील पहिल्या दोन गरजांविषयी निबंध पुष्कळ लिहिले जातात. तिसरीचा विषय निघाला की तो गवंड्याचा किंवा इंजिनिअरचा समजून आपण सोडून देतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने विटेवर लेख का लिहावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. उत्तर सरळ आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आणि माझ्या आईवडिलांनी आयुष्यात दुसरे काही केले नसेल इतक्या विटा पाडल्या आहेत. त्या सर्व विटा दुसऱ्यांच्या घरांना लागल्या. आता आमच्या पाड्यावर घरकुले मंजूर होऊ लागली आहेत आणि भिंत कशाची घालावी हा प्रश्न प्रथमच आमच्यापुढे आला आहे. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत या प्रश्नाचे उत्तर इतर ठिकाणांपेक्षा थोडे वेगळे येते, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे या लेखात मांडायचे आहे.

प्रथम आमच्या जुन्या घराविषयी. वारली घर कुडाचे असते. जंगलातील लाकडाचे खांब जमिनीत रोवायचे, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या उभ्या लावून आडव्या बांबूच्या पट्ट्यांनी बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीचा गिलावा द्यायचा, की भिंत तयार. वर गवत, पेंढा किंवा कौले. आतून गेरू सारवलेला असतो. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहायचा तो याच भिंतीवर. (गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि ही कला जगभर पोचली, पण तिचा मूळ कागद म्हणजे ही शेणमातीची भिंत, हे शहरातील पुष्कळांना ठाऊक नसते.) या भिंतीला पैसा लागत नाही, भट्टी लागत नाही, ट्रक लागत नाही. उन्हाळ्यात घर गार राहते. दोषही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काठीला वाळवी लागते, पावसाळ्यात पश्चिमेकडचा गिलावा धुऊन जातो, दरवर्षी सारवण करावे लागते आणि ते काम बहुधा घरातील बायकांच्याच वाट्याला येते. शिवाय पूर्वीसारखे लाकूड आणि कारवी आता जंगलातून सहज आणता येत नाही. सरकारी नोंदीत अशा घराला ‘कच्चे’ म्हणतात. घरकुल योजनेत कच्च्या घराच्या जागी ‘पक्के’ घर बांधायचे असते, आणि पक्के म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू येते, ती म्हणजे लाल भाजलेली वीट.

आता ही वीट पाहू. शेतातील किंवा ओढ्याकाठची चिकण माती खणून तिचा ढीग करतात. पाणी घालून ती रात्रभर भिजवतात आणि तुडवून गारा करतात. पहाटे अंधारातच साच्यातून विटा पाडायला सुरुवात होते, कारण ऊन चढले की काम जड जाते. विटा उन्हात सुकल्या की भट्टी रचायची. मधल्या थरांत दगडी कोळशाची भुकटी आणि भाताचे तूस घालून ती पेटवायची. आत साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णता झाली की मातीचे कण एकमेकांना चिकटतात आणि विटेला तो लाल रंग व खणखणीत आवाज येतो. म्हणजे विटेच्या किमतीत तीन गोष्टी येतात: शेतातली वरची माती, इंधन आणि माणसाची मजुरी. यांतील तिसरी गोष्ट आम्हाला जवळून ठाऊक आहे.

दिवाळी झाली की आमच्या भागातील अनेक कुटुंबे वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालक बयाणा देतो आणि मग तो हजार विटांमागे ठरलेल्या मजुरीतून फेडायचा असतो. हंगाम संपताना हिशेब होतो. आमच्या घरी एकदा तो असा झाला की सहा महिने चौघांनी राबूनही बयाणा थोडा शिल्लकच राहिला. मी तेव्हा आश्रमशाळेत होतो म्हणून भट्टीवर गेलो नाही. माझ्या मोठ्या बहिणीला मात्र शाळा सोडून जावे लागले. झरी गावच्या १९४५ सालच्या परिषदेपासून याच मुलखात वेठबिगारीविरुद्ध लढा झाला, १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली, हे आपण इतिहासात वाचतो. बयाणा अजून आहे. असो. विषय विटेचा आहे.

विटेला पर्याय म्हणून जी वस्तू आपल्या दाराशी पडली आहे ती म्हणजे राख. डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणारे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. बीएसईएस कंपनीने ते उभारले, १९९५ च्या सुमारास ते सुरू झाले आणि २०१८ पासून ते अदानी समूहाकडे आहे. त्याच्या उभारणीला चिकूच्या बागायतदारांनी आणि पर्यावरणवाद्यांनी विरोध केला होता. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. धुरातील गंधक काढणारी यंत्रणा केंद्राला बसवावी लागली ती या प्राधिकरणाच्या पाठपुराव्यामुळे.

भारतीय कोळशात साधारणपणे ३० ते ४० टक्के राख असते. धुतलेल्या किंवा परदेशी कोळशात ती कमी असते. बारीक दळलेला कोळसा जळाला की पिठापेक्षाही तलम अशी राख धुराबरोबर वर जाते आणि चिमणीच्या अगोदर विजेच्या पट्ट्यांवर ओढून गोळा केली जाते. हिलाच उडती राख म्हणजे ‘फ्लाय ॲश’ म्हणतात. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने असे ठरवले की औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीची वीट करणाऱ्याने तीत वजनाने निदान २५ टक्के राख मिसळली पाहिजे. हे अंतर २००३ साली १०० आणि २०१६ साली ३०० किलोमीटर झाले. पुढे २०२१ च्या अखेरीस नवी अधिसूचना आली आणि राख पूर्णपणे वापरात आणण्याची जबाबदारी वीज केंद्रांवर अधिक कडकपणे टाकली गेली. कायद्याचा हेतू स्पष्ट आहे: शेताची माती वाचावी आणि राखेचे ढीग कमी व्हावेत.

परंतु राखेची वीट भाजावी लागत नाही, ही तिची खरी गंमत. मग ती घट्ट कशी होते? राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतात. त्यांचे कण काचेसारखे असतात, कारण भट्टीत वितळून ते एकदम थंड झालेले असतात. नुसत्या पाण्याशी त्यांचे काही होत नाही. पण सोबत चुना असला तर ओलाव्यात दोघांची हळूहळू क्रिया होते आणि कॅल्शियम सिलिकेटचा पाणी धरून ठेवणारा एक चिवट पदार्थ तयार होतो. सिमेंटची ताकद मुख्यतः याच पदार्थामुळे असते. सिमेंट घातले तर त्याच्यातूनही भिजताना चुना सुटतो आणि राख तो पकडते. ही विद्या नवी नाही. रोमन लोक पोझ्झुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून बंदर बांधीत. आपल्याकडे चुन्याच्या घाणीत विटेचा चुरा, म्हणजे सुरखी, घालीत असत तीही याच कारणासाठी. भाताच्या तुसाच्या राखेतही सिलिका भरपूर असते, मात्र ती बेताच्या आचेवर जाळलेली हवी. फार तापली तर ती निकामी होते.

प्रत्यक्षात मिश्रण साधारण असे करतात: राख ५५ ते ६० टक्के, खडीच्या यंत्रातून पडणारी कच किंवा रेती ३० ते ३५ टक्के आणि सिमेंट ८ ते १० टक्के. पाणी बेताचे, मुठीत दाबले तर गोळा व्हावा इतकेच. हे मिश्रण यंत्रात दाबून वीट काढतात, एक दिवस सावलीत ठेवतात आणि मग दोन ते तीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली भिजवतात. रेती किनाऱ्यावरची घेऊ नये. बोर्डी-नरपडकडे ती फुकट दिसते, पण तिच्यातील मिठाने भिंतीला लोणा लागतो आणि आतील लोखंड गंजते.

येथे हिशेब करून पाहण्यासारखा आहे. केंद्राच्या घरकुल योजनेत २०१६ पासून घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे. पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद घर, मध्ये एक आडभिंत, उंची नऊ फूट. दारे-खिडक्या वजा जाता साठ चौरस मीटर भिंत होते. वीस सेंटिमीटर जाडीच्या भिंतीला सुमारे सहा हजार विटा लागतात. एक वीट तीन किलोची धरली तर अठरा टन. यात राख निम्म्याहून अधिक, म्हणजे दहा टन. सिमेंट आठ टक्केच धरले तरी १४४० किलो, म्हणजे जवळजवळ २९ पोती. राख फुकट मिळाली तरी हे सिमेंट फुकट नाही, आणि दहा टन राख डहाणूहून तलासरीच्या आतल्या पाड्यापर्यंत आणण्याचे भाडेही फुकट नाही. ‘राख फुकट, म्हणून वीट स्वस्त’ असे जे बोलले जाते ते अर्धेच खरे आहे. आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचे असावे, असे गांधीजींनी सांगितले होते. लॉरी बेकर यांनी केरळात घरे बांधताना तोच विचार धरला. आमच्या कित्येक पाड्यांपासून राख पाच मैलांच्या पुष्कळ पलीकडे आहे.

मग पाच मैलांच्या आत काय आहे? पायाखालची माती. तिचीही न भाजता वीट करता येते. १९५० च्या दशकात कोलंबियातील बोगोटा येथे राउल रामिरेझ या अभियंत्याने हाताने चालणारे एक दाबयंत्र तयार केले. ‘सिन्वा-रॅम’ या नावाने ते गरीब देशांत पसरले. आपल्याकडे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ‘अस्त्र’ नावाचे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले. त्याने आणि पुढे ऑरोव्हिलच्या मंडळींनी या पद्धतीवर पुष्कळ काम केले. मातीत ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून लांब दांड्याच्या यंत्रात दाबायचे, एवढीच मूळ कल्पना. पण कोणतीही माती चालत नाही. भाताच्या खाचरातील काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिला सिमेंटपेक्षा चुना मानवतो आणि तरीही काम जिकिरीचे होते. वरकस जमिनीची तांबूस, मुरमाड माती बरी. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घालून पाण्याने भरावी, खूप हलवून ठेवून द्यावी. रेती लगेच तळाशी बसते, तिच्यावर पोयटा आणि सर्वांत वर चिकणमाती, तीही फार वेळाने. रेतीचा थर निम्म्याहून बराच जास्त आणि चिकणमातीचा थोडा दिसला तर माती विटेजोगी समजावी. एक मात्र आहे: आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात मातीच्या भिंतीला दगडाचे उंच जोते आणि पुढे आलेले छप्पर हवेच. कुडाच्या घराचे छप्पर इतके खाली का असते ते येथे समजते.

आता पाण्याचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. या थंड विटांना विस्तव लागत नाही, पण पाणी लागते. दोन-तीन आठवडे सतत ओलावा मिळाला नाही तर राखेची क्रिया अर्धवट राहते आणि वीट हाताने कुसकरते. आमच्या पाड्यांवर मार्चनंतर प्यायलाच पाणी पुरत नाही. भिजवण्याचे काम करायचे तर ते दिवाळीपासून जानेवारीपर्यंतच, विहिरींना आणि ओहोळांना पाणी असते तोवर. आणि नेमक्या याच महिन्यांत विटा पाडणारे हात गावात नसतात! ज्यांना गारा किती घट्ट हवा हे बोटांनी कळते, वीट कधी उलटायची हे सांगावे लागत नाही, ती माणसे वसई-भिवंडीला असतात. घरकुलाचा हप्ता बहुधा नंतर येतो; तोपर्यंत विहीर आटलेली असते आणि मग ठेकेदार आणील ती वीट घ्यावी लागते. म्हणून मला वाटते की यंत्र कोणते आणि मिश्रण कोणते हा प्रश्न दुसरा. घरकुलाचा पहिला हप्ता पाऊस संपता संपता, बयाणा घेण्याची वेळ येण्यापूर्वी, हातात पडला तर त्या पाड्यावरची माणसे तेथेच बसून पाड्याच्या विटा पाडतील. यासाठी नवे शास्त्र लागत नाही, तारीख बदलावी लागते.

आता भूकंपाविषयी. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, जमीन वारंवार हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ च्या दुपारी ४ रिश्टरपेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून एक लहान मुलगी दगावली. लोक कित्येक रात्री शासनाने दिलेल्या तंबूंत आणि अंगणात झोपले. आम्हाला आश्रमशाळेत वर्गाबाहेर झाडाखाली बसवीत. त्या काळात माझी आजी मात्र आपल्या कुडाच्या घरातच झोपे. “ही भिंत पडली तर माझ्या अंगावर माती पडंल, डोंगर नाय,” असे ती म्हणे. तिला कोणी शिकवले नव्हते, पण ती जे म्हणत होती ते शास्त्राला धरूनच होते. भूकंपाचा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात लागतो. कुड हलका असतो आणि लवतो. अठरा टनांची वीट लवत नाही. तडकते, आणि कोपऱ्यात सुटून बाहेर कलंडते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला हजारो माणसे गेली ती प्रामुख्याने दगडमातीच्या जाड, एकमेकींशी न बांधलेल्या भिंतींखाली.

याचा अर्थ विटेचे घर बांधूच नये असा नाही. भिंती एकमेकींशी बांधल्या पाहिजेत. भारतीय मानकांनी यासाठी सांगितलेला उपाय म्हणजे जोत्याशी, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सर्व भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा. आमचे गवंडी फक्त दाराखिडकीवर तुकडा टाकतात आणि मध्ये सोडून देतात. पैसे संपलेले असतात म्हणून. पण वर सांगितलेल्या घराला असा एक पट्टा घालायला काय लागते? भिंतींची एकूण लांबी पंचवीस मीटर; पट्टा वीस सेंटिमीटर रुंद व साडेसात सेंटिमीटर जाड. काँक्रीट घनमीटरच्या चार दशांशांहूनही कमी, म्हणजे सिमेंट तीन पोती. दहा मिलिमीटरच्या दोन सळ्या फिरवल्या तर सळई सुमारे तीस किलो. २९ पोती सिमेंट विटांत जाते आणि पट्ट्याच्या तीन पोत्यांपाशी हात आखडतो! लॉरी बेकर विटा उभ्या कडेवर लावून मध्ये पोकळी ठेवीत. त्या बांधणीत सुमारे चौथाई विटा वाचतात, भिंत हलकी होते आणि पोकळीतून उभी सळई नेता येते. स्वस्त विटेमुळे जो पैसा वाचेल तो पट्ट्यात घालावा, फरशीत किंवा रंगात नव्हे, असे मी घरी सांगत आलो आहे. बाबांना फरशी हवी आहे. त्यांचेही चूक नाही. आयुष्यभर जमीन सारवलेली पाहिली आहे.

कारखान्यात राखेचेच फुगवलेले हलके ठोकळे होतात. त्यांचे वजन मातीच्या विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असते आणि भूकंपाच्या दृष्टीने ते चांगले. पण त्यांना ॲल्युमिनियमची भुकटी आणि दाबाखालील वाफेची मोठी टाकी लागते, त्यामुळे ते पाड्यावर होणे नाही. आणखी एक आक्षेप घेतला जातो तो राखेतील विषारी धातूंचा. राखेत आर्सेनिक, पारा यांसारखे धातू अल्प प्रमाणात असतात. विटेत ते बरेचसे बांधले जातात. धोका आहे तो कोरडी राख हाताळताना, नाकातोंडात जाणाऱ्या धुळीचा. राख ओली करूनच उतरवावी आणि तोंडाला फडके बांधावे.

आपल्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा नाही. पण विटेची एक परीक्षा वजनकाटा आणि बादली एवढ्यावर होते. पाच विटा पूर्ण सुकवून त्यांचे वजन करावे, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवाव्यात, पुसून पुन्हा वजन करावे. सरासरी वजन पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढले तर ती वीट घेऊ नये. आमच्या घरकुलासाठी एका टेम्पोवाल्याने नमुना म्हणून आणलेल्या पाच राखेच्या विटा सध्या अंगणात ठेवल्या आहेत. तीन किलो वजन धरले तर सहाशे ग्रॅमपर्यंत वाढ चालते. चार विटा आत बसल्या, पाचवी साडेसातशे ग्रॅम पाणी प्यायली. सरासरी मर्यादेत आली, तरी पाचही विटा एकाच दिवसाच्या नाहीत हे त्यावरून कळले. आईने ती पाचवी नुसती नखाने खरवडून बाजूला काढलीच होती, मी बादली आणण्यापूर्वी.